गल्ल्यावरचे मांजर आणि उभा नोकर

नाशिकच्या मेन रोडवर, कॉलेज रोडवर किंवा रविवार कारंज्याच्या परिसरात हिंडले, की अनेक दुकानांच्या गल्ल्यावर आता लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक सोनेरी मांजर बसलेले दिसते. पंजा वर करून ते दिवसभर हात हलवीत असते. हे जपानचे ‘मानेकी-नेको’, म्हणजे बोलावणारे मांजर. ते निवडण्याचेही एक शास्त्र तयार झाले आहे. उजवा पंजा वर असेल तर पैसा येतो, डावा असेल तर गिऱ्हाईक. सोनेरी रंग धनासाठी, पांढरा सौभाग्यासाठी, काळा बाधा टाळण्यासाठी. हा सल्ला वास्तुशास्त्राच्या आणि चिनी फेंगशुईच्या नावाने दिला जातो. मांजर मुळात जपानी आहे, याची सल्लागाराला फिकीर नसते.

काळे मांजर आडवे गेले, तर आमचा व्यापारी चार पावले मागे येतो. तेच काळे मांजर किमतीची चिठ्ठी लावून आले, की बाधा टाळणारे ठरते! जिवंत मांजर अपशकुनी आणि प्लास्टिकचे शुभशकुनी, हा न्याय केवळ बाजारच करू जाणे.

या मांजराची मूळ कथा तरी नीट वाचावी. तोक्योच्या गोतोकुजी मंदिराशी ती जोडली जाते. दरिद्री मंदिरातील एका मांजराने सतराव्या शतकातील एका सरंजामदाराला हाताने खुणावून आत बोलावले, वादळापासून त्याचा बचाव झाला आणि त्याने मंदिराला आश्रय दिला, अशी ही आख्यायिका आहे. म्हणजे कथेतसुद्धा मंदिराची भरभराट झाली ती सरंजामदाराच्या दानामुळे. ते धन कोठून आले असेल, हे त्याच्या रयतेला विचारावे लागेल.

कोणी म्हणेल, शोभेच्या वस्तूवर एवढा राग कशाला? शोभेसाठी कोणी ते खुशाल घ्यावे. तोकोनामेच्या कुंभारांनी घडविलेले मातीचे मांजर हे कसबी हातांचे काम आहे आणि त्या हातांविषयी आम्हाला आदरच आहे. आमचे भांडण आहे ते मंदावलेल्या धंद्यावरचा उपाय म्हणून मांजर विकणाऱ्यांशी. छोट्या दुकानदाराची भीती खरी आहे. २०१६ सालच्या नोटाबंदीने त्याचा रोख व्यवहार थांबविला, २०१७ साली जीएसटीची किचकट विवरणपत्रे आली आणि आज घरपोच माल देणाऱ्या बड्या कंपन्या त्याचे गिऱ्हाईक वळवीत आहेत. ही सारी माणसांनी घेतलेल्या निर्णयांची फळे आहेत. त्यांचा जाब राज्यकर्त्यांना विचारायचा, की मांजराचा पंजा उजवा की डावा याचा खल करीत बसायचे?

आणि त्याच गल्ल्यापासून चार हातांवर उभा असलेला नोकर? त्याच्या नशिबाचा रंग कोणता? महाराष्ट्राने २०१७ साली दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला, तेव्हा दहापेक्षा कमी नोकर असलेली दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर ठेवली. २०२५ साली ही मर्यादा वीसपर्यंत नेली. पेठेतील बहुसंख्य दुकाने एवढीच लहान. मांजराला बसायला मखमली गादी आहे. साडी उलगडून दाखविणाऱ्या मुलीला स्टूल आहे का, हे दुकानात शिरताच पाहावे. कोझिकोडच्या कापडदुकानांतील स्त्रियांनी याच प्रश्नावर चळवळ केली आणि २०१८ साली केरळला दुकानातील नोकरांचा बसण्याचा हक्क कायद्यात लिहावा लागला. तामिळनाडूने २०२१ साली तोच मार्ग धरला. त्या स्त्रियांनी शुभ रंग शोधला नव्हता. त्यांनी संघटना बांधली होती.

नाशिकला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. नशिबाचे भोग म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माथी मारलेली अस्पृश्यता नाकारून २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही याच शहरात काळाराम मंदिराच्या दारांशी उभे राहिले. नशीब कोणी लिहिलेले नसते, लादलेले असते, हा त्या लढ्याचा धडा होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी दुकानदाराच्या मांजराची टवाळी करू नये. त्याच्याशी बड्या भांडवलाविरुद्ध बोलावे आणि त्याच वेळी त्याच्या नोकराचे कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी व बसायला स्टूल यांचा आग्रह धरावा. छोट्या दुकानदाराने हे मान्य केले, तर दोघांची लढाई एक होईल. न केले, तर नोकरांना आपला हात स्वतःच वर करावा लागेल, आणि तो बॅटरीवर चालणारा नसेल.