दोन डबे

संध्याकाळी कोर्टावर येणाऱ्या मुलांच्या पिशवीत हल्ली प्रोटीन पावडरचा डबा असतो. पोळीभाजीचा डबा दुपारी बारालाच कॉलेजात संपलेला असतो, नाहीतर घरी ओट्यावर राहिलेला असतो. बारापासून पोटात काही नाही आणि साडेपाचला सराव सुरू. त्यातच पालक मला विचारतात, "सर, पावडर कुठली चांगली?"

पूर्वपक्ष असा : आपल्या जेवणात प्रोटीन नाही, वरणभातावर बास्केटबॉल होत नाही, म्हणून भात बंद करा आणि पावडर सुरू करा. यातला खरा भाग मी नाकारत नाही. पुष्कळ घरांत वरण पातळ असतं आणि शाकाहारी मूल प्रोटीनमध्ये कमी पडतं. पण त्यावरचा हा उपाय मला मान्य नाही.

हिशेबच करू. खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते २ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ७२ ते १२० ग्रॅम. सहा पोळ्या, दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ, अर्धा लिटर दूध, वाटीभर दही, मूठ-मूठ शेंगदाणे नि फुटाणे आणि दोन अंडी किंवा थोडं पनीर, एवढ्यात ९० ग्रॅमच्या आसपास पोचता येतं. हे सगळं किराणा दुकानात मिळतं. वरण घट्ट करायला डबाभर पावडरीइतके पैसेही लागत नाहीत.

भात बंद करा म्हणणाऱ्यांवर तर माझा रागच आहे. आपला खेळ म्हणजे धाव, थांब, उडी, पुन्हा धाव. हे स्नायूंतल्या ग्लायकोजेनवर चालतं आणि ते भात, भाकरी, पोळी, केळं यांतूनच भरतं. ते संपलं की चौथ्या क्वार्टरला पाय जातात, डिफेन्सला मुलगा मागे राहतो आणि एरवी पडणारा शॉट रिंगच्या अलीकडेच पडतो. आपण त्याला आळशी म्हणतो. तो उपाशी असतो.

पावडरीचा आणखी एक धोका फार कमी घरांत माहीत आहे. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय म्हणजे सतनाम सिंग भामरा, २०१५ साली, डॅलस मॅव्हरिक्सकडून. २०१९ च्या उत्तेजक चाचणीत त्याच्या नमुन्यात हायजेनामीन सापडलं आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. हे द्रव्य चरबी घटवणाऱ्या आणि व्यायामाआधी घ्यायच्या कित्येक पूरकांत असतं, आणि लेबलावर प्रत्येक वेळी लिहिलेलं असेलच असं नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती न तपासलेला डबा देताना हे आठवावं.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दोन फास्ट ब्रेकनंतर धापा टाकणाऱ्या मुलीला "स्टॅमिना वाढव" म्हणणं सोपं आहे. आधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. तिला पालेभाजी, हळीव, त्यावर लिंबू द्या, आणि जेवणाला लागून चहा नको. प्रोटीनच्या डब्याने तिचं रक्त भरून येत नाही.

यावर काही जण म्हणतात, मुलांना माहिती नाही, व्याख्यान ठेवू. व्याख्यानं मीही ठेवली. प्रोटीन कशासाठी हे मुलं बिनचूक सांगतात आणि साडेआठला सराव सुटला की वडापावच्या गाडीवर जातात, कारण त्या वेळी समोर तेवढंच असतं. त्यांचं उत्तर बरोबर आहे, भूकही खरी आहे. जे हाताशी आहे ते बदलावं लागेल.

म्हणून आमच्या कोर्टावर पाचला केळी आणि गूळ-शेंगदाण्यांचा डबा येतो. पालकांनी पाळ्या लावल्या आहेत. मध्ये मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, सुटताना उकडलेली अंडी किंवा दूध. खेळताना पाणी पिऊ नये ही जुनी समजूत आम्ही सोडून दिली. २०१४ च्या एनबीए अंतिम मालिकेत सॅन अँटोनिओला वातानुकूलन बंद पडलं, तेव्हा लेब्रॉन जेम्ससारखा माणूस पायाला गोळे येऊन बाहेर बसला होता.

आता मागणी जिल्हा स्पर्धांच्या आयोजकांकडे आहे. सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा असे एकाच संघाचे तीन सामने तुम्ही लावता. त्याच कागदावर जेवणाची वेळ छापा, आणि त्या वेळेला गरम वरणभात तयार ठेवा.