दुआ करा, शुगरही तपासा

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. ते मरण देशाला दिसले. रोजचे मरण मात्र दिसत नाही. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण बहुधा हृदयविकार, मधुमेह यांसारखे शारीरिक आजार. रुग्ण छातीत दुखते म्हणाला, तर आपण ‘वेडाच्या भरात बोलतोय’ म्हणून सोडून देतो. काही औषधांनी वजन, साखर वाढते. म्हणून औषध बंद करू नये, डॉक्टरांना सांगून तपासणी करावी. इलाज करण्याची शिकवण तर पैगंबरांचीच आहे. म्हणून मी म्हणतो, दुआ जरूर करा. पण त्याचा रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या.