दाढ दुरून काढता येत नाही, म्हणून?

टेलिडेंटिस्ट्रीचा, म्हणजे दुरून दातांवर उपचार ठरवण्याचा, विषय काढला की दंतवैद्यांच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, 'मोबाइलवरून दाढ काढता येत नाही हो!' लोक हसतात, चहा येतो, विषय मिटतो. वाक्य शंभर टक्के खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा आहे. दाढ काढणं हा किडीचा शेवटचा अंक. त्याआधी दातावर पांढरट डाग येतो, मग खड्डा पडतो, मग गार पाणी लागलं की कळ जाते, मग झोप उडवणारा ठणका आणि अखेरीस गालावर सूज. धारणी किंवा भामरागडकडच्या माणसाची दंतवैद्याशी गाठ पडते ती बहुधा या शेवटच्या पायरीवर, आणि तीही पडली तर. तोवर लवंग, तंबाखूची चिमूट आणि किराणा दुकानातली वेदनाशामक गोळी यांवर भागवलेलं असतं. 'वरची दाढ काढली की डोळे अधू होतात' ही समजूत आहेच. पहिल्या तीन पायऱ्यांवर दाढ काढावी लागत नाही. तिथे त्या तोंडात कोण डोकावतं, हा खरा वाद आहे.

कॅलिफोर्नियात डॉ. पॉल ग्लासमन यांनी युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकमधून उभा केलेला 'व्हर्च्युअल डेंटल होम' हा प्रयोग पाहा. तिथे डेंटल हायजिनिस्ट सुटसुटीत सामान घेऊन शाळांत, बालवाड्यांत, वृद्धाश्रमांत जाते. एक्स-रे, तोंडातले फोटो, दातांचा तक्ता, आधीच्या आजारांची माहिती हे सगळं ती ऑनलाइन नोंदवून ठेवते. दंतवैद्य आपल्या दवाखान्यात, सवडीने, ते पाहून उपचार ठरवतो. दोघांना एकाच वेळी स्क्रीनसमोर बसावं लागत नाही. मेळघाटातलं नेटवर्क ज्याने अनुभवलंय त्याला या सोयीची किंमत सांगायला नको. मग तीच हायजिनिस्ट दात साफ करते, फ्लोराइडचा लेप लावते, आणि दंतवैद्याने सांगितलं असेल तिथे खड्डा ग्लास आयोनोमर सिमेंटने तात्पुरता भरते. सुमारे दोन-तृतीयांश मुलांचं काम असं जागच्या जागी भागलं. उरलेल्यांना खुर्चीवर न्यावंच लागलं, आणि ते कोणी लपवलेलंही नाही.

इथे जाणकार दंतवैद्य अडवतात : फोटोत सगळं दिसत नाही. बरोबर. दोन दातांच्या फटीतली कीड फोटोत सापडत नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो. हिरड्यांच्या खाचांची खोली प्रोब घालूनच मोजावी लागते. पण हा आक्षेप अमुक आजारासाठी फोटो अपुरा आहे एवढंच सिद्ध करतो. उलट ज्या आजाराने महाराष्ट्राचं तोंड पोखरलंय तो, म्हणजे तोंडाचा कर्करोग, नुसत्या डोळ्यांना दिसतो. विदर्भात खर्रा, गावोगावच्या बायकांच्या हातात मशेरी, आणि २०१२ च्या बंदीनंतरही मिळणारा गुटखा. यातून गालाच्या आतल्या बाजूला उठणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटंही न मावणारं आवळलेलं तोंड, हे ओळखायला खुर्ची लागत नाही. टॉर्च आणि शिकवलेली नजर लागते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून हे करून पाहिलं गेलं. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली, संशयितांना डॉक्टरांकडे धाडलं. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. कॅमेरासुद्धा नव्हता त्यांच्याकडे! आज उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामात तिशीपुढच्यांचं तोंड तपासणं येतंच. त्या तपासणीला फोटोची जोड दिली आणि पलीकडे तो पाहणारा दंतवैद्य नेमला, तर बिघडेल काय?

'बिघडेल' असं म्हणणाऱ्यांचा शेवटचा बाण नैतिकतेचा असतो : गरिबांना दुय्यम उपचार का? शहरात बीडीएस, एमडीएस आणि आदिवासी पाड्यावर दोन वर्षं शिकलेली बाई? हा प्रश्न ऐकायला उदात्त आहे, पण तो कोण विचारतं तेही पाहावं. अलास्कात विमानाने किंवा बोटीनेच पोचता येतील अशा वस्त्यांसाठी तिथल्या मूलनिवासींच्या आरोग्यसंस्थेने २००३ मध्ये आपली माणसं न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात डेंटल थेरपिस्ट व्हायला पाठवली. ती परतली आणि दूरच्या दंतवैद्याच्या देखरेखीखाली दात भरू लागली, काढू लागली. तेव्हा अमेरिकन डेंटल असोसिएशन कोर्टात गेली, रुग्णांच्या काळजीपोटी. त्या वस्त्यांत कायमचा दंतवैद्य नाही याची काळजी मात्र खटल्याचा विषय नव्हती. २००७ मध्ये निकाल मूलनिवासींच्या बाजूने लागला.

आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि वेळ पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्यावरही भुवया उंचावल्याच होत्या. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या आशा ताईंच्या कामात घरी जाऊन बाळ तपासणं आलं. बाळाच्या जिवाचं काम ज्या हातांवर सोपवलं, त्यांना दाताला औषधाचा थेंब लावायची मुभा नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

औषधाचा थेंब म्हणतोय तो सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा. किडलेल्या जागी लावला की कीड बहुतेक वेळा थांबते; भूल नको, ड्रिल नको, वीजही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, ग्लास आयोनोमर सिमेंटच्या सोबतीने. त्याचा दोष एकच : कीड जिथे थांबते तिथे दात काळा पडतो. आईबापांना हे आधी सांगायला हवं, फोटो दाखवून सांगायला हवं. पुढच्या दातांना अनेक जण नकार देतील. तो त्यांचा अधिकार आहे.

बेकार बीडीएसांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं, दरवर्षी हजारो पदवीधर, आणि त्यातले कित्येक दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर. मग यांनाच गावात का पाठवत नाही? कारण बीडीएस एकटा जात नाही. त्याच्यासोबत खुर्ची, कॉम्प्रेसर, सक्शन, ऑटोक्लेव्ह आणि दिवसभराची वीज जावी लागते, आणि एका पाड्यात पैसे देणारे तेवढे रुग्ण नसतात. दहा उपकेंद्रांचे फोटो पाहून उपचार ठरवायचं काम मात्र तो तालुक्याला बसून करू शकतो. त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून असे फोटो तपासण्याचं शुल्क सरकारी विम्यातून द्यायचं ठरवलं, त्यामुळे प्रयोग प्रयोगापुरता उरला नाही. आणि हायजिनिस्ट ही काही परदेशी कल्पना नव्हे. आपल्या १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातच ती आली, दात साफ करणं आणि निगा शिकवणं एवढ्याच कामापुरती.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांनी या विषयाचं नुकसान कमी केलेलं नाही. यांना वाटतं, ॲप काढलं की झालं. अमेरिकेतल्या 'स्माइलडायरेक्टक्लब'ने घरी पेटी पाठवायची, दातांचे ठसे घ्यायला सांगायचे आणि घरपोच अलाइनर द्यायचे, असा धंदा मांडला. २०१९ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली, डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. उपचार अर्धवट असलेले ग्राहक वाऱ्यावर. ज्यांना परवडतं त्यांचे वाकडे दात सरळ करायची ती सोय होती, वंचितांच्या दंतसेवेशी तिचा संबंध नव्हता. पण तिथेही तोंडापाशी कोणी नव्हतं, हे लक्षात घ्यावं. नुसत्या व्हिडिओ कॉलवर दंतवैद्य फार तर अँटिबायोटिक आणि वेदनाशामक लिहून देतो. सूज उतरते, माणूस खूश होतो, आणि दाताच्या मुळाशी पू तसाच राहतो. महिन्याभराने तोच रुग्ण, तीच दाढ, कदाचित मानेपर्यंत उतरलेली सूज.

म्हणून सॉफ्टवेअरच्या निविदेआधी ग्रामीण रुग्णालयातल्या खुर्चीचा वार ठरवा. फोटो पाहून 'ही दाढ काढावी लागेल' असा शेरा ज्याच्या नावापुढे पडला त्याला त्या वारी नंबर मिळाला पाहिजे, तिथे भूल देण्याचं इंजेक्शन शिल्लक पाहिजे, आणि बुडालेली मजुरी नाही तरी निदान एसटीचं भाडं हातात पडलं पाहिजे.