आंबटतीक

एकादशीला आपल्या घरोघर जी साबुदाण्याची खिचडी होते, तिच्यातील जिन्नसांची कुळकथा काढू गेल्यास उपवास करणाराची मोठी पंचाईत व्हावी. मिरची, शेंगदाणा आणि बटाटा ही तिन्ही मूळची अमेरिकेतील. राहिला साबुदाणा. तो आज आपल्याकडे तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात ज्या कंदापासून करतात, तो कसावाही दक्षिण अमेरिकेचाच. आणि त्याचे ‘साबू’ हे नाव आले ते मलय भाषेतील ‘सागू’ या शब्दावरून. मलय द्वीपांत सागूच्या ताडाचा गाभा कुटून, धुऊन पीठ काढतात, त्याचे ते नाव. तेव्हा पंढरीच्या विठोबाच्या नावाने आपण जे पान वाढून घेतो, त्याच्यावर एक मलय शब्द निमूटपणे येऊन बसलेला असतो, आणि त्याला कोणी ‘तू कोण?’ म्हणून विचारीत नाही.

बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे पिढ्यानुपिढ्या नांदणाऱ्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तंजावरच्या वाचकांना तर नाहीच. त्यांच्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द 1798 ते 1832) मुदपाकखान्यातील कृतींचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा ग्रंथ सरस्वती महालात जतन केलेला आहे, आणि त्या मराठी राजाच्या पाकशाळेत इंग्रजी पदार्थही शिजत असत. मराठी माणूस परमुलुखात गेला की त्याची भाषा काही काळ अडखळते. जीभ मात्र लवकर ओळख करून घेते.

हे सारे आज सुचण्याचे कारण असे की, या मे महिन्यात धारगळास आम्ही चक्क मलय जेवण जेवलो. डॉक्टरांचे चिरंजीव क्वालालंपूरला अभियंता आहेत. ते रजेवर आले आणि त्यांनी आम्हा वडीलमंडळींना त्या देशाची चव दाखविण्याचे मनावर घेतले. त्या जेवणाची हकीकत सांगण्यापूर्वी आमच्या मंडळाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. कारण त्या सुमारास ते मंडळ मोडण्याच्या बेतात आले होते.

मंडळ म्हणजे आम्ही पाच मित्र. डॉक्टर, निवृत्त पोस्टमास्तर, बाजारातील एक दुकानदार, शेती करणारे भाऊ आणि आम्ही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या घरी दुपारचे जेवण, पाळी ठरलेली, हा नेम वीस वर्षांहून अधिक काळ चालला. ज्याचे जसे घर तसे पान. डॉक्टरांकडे इसवणाच्या तुकड्या आणि सुंगटांचे हुमण. पोस्टमास्तर सोमवार-गुरुवारच काय, रविवारही पाळणारे, म्हणून त्यांच्याकडे शिवराक: खतखते, मुगागाठी, शेवटी मणगणे. भाऊंच्या पाळीला उकड्या तांदळाची पेज, गालम्याचे किस्मूर, भाजलेला बांगडा, आणि चवथीनंतरची पाळी आली तर हळदीच्या पानातील पातोळ्या. भाऊंच्या घरच्या पेजेला जी चव आहे, ती आम्ही अन्यत्र कोठे पाहिली नाही. कोणी कोणाच्या पानाची किंमत कधी केली नाही, आणि ‘आनीक इल्लें घे मरे’ हा आग्रह पाचही घरी सारख्याच मोठ्या आवाजात होई.

मग दिवस पालटले. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला, आमच्या हमरस्त्यावरील रहदारी वाढली आणि किनाऱ्याकडे, मोरजी-मांद्र्याच्या बाजूस, आधीच असलेल्या उंची भोजनगृहांत आणखी भर पडली. (त्याच्या आदल्या महिन्यात धारगळला आयुर्वेदाची मोठी राष्ट्रीय संस्थाही उघडली. पथ्य सांगणारे आणि पथ्य मोडविणारे एकाच तालुक्यात सुखाने नांदतात.) इकडे आमच्या घरच्या मंडळींची वये झाली. सुना नोकरीला जाणाऱ्या. ‘बायकांना किती राबवायचे? हॉटेलात जाऊ या,’ असा ठराव दुकानदार मित्रांनी मांडला आणि तो आम्हीही उचलून धरला.

त्या भोजनगृहांची टिंगल करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. गाडीच्या चाकाएवढी बशी आणि तिच्यात बोराएवढा घास, ही थट्टा पुष्कळांनी करून झाली आहे. आम्हांस तेथे दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक अशी की, एका वेळी एकच पदार्थ, तोही नेमका हवा तितका ऊन असा समोर आला, म्हणजे त्याची चव निराळी कळते. आपण सारेच भातात कालवून एकाच आंबटगोड पुरात बुडवून टाकतो. तेथील तरुण आचाऱ्याने आम्हांला सोलकढी दिली ती औंसभर, अत्तराच्या कुपीसारख्या भांड्यात. परंतु त्या औंसभर कढीत तिरफळाचा वास आम्हांस जितका स्पष्ट आला, तितका घरी वाटीभर पिऊनही आला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या दिवशी आमच्याबरोबर घरची मंडळीही होती, आणि पहिले पान त्यांच्यापुढे आले. तीस-पस्तीस वर्षे ज्यांनी आम्हांला वाढून, आमची उष्टी काढून, मग गार झालेल्या हुमणाबरोबर चार घास खाल्ले, त्यांनी त्या दिवशी ऊन ऊन जेवण बसल्या जागी जेविले. परतताना आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘वाढणारा दुसरा असला की आपण काय खातो ते कळतं.’ आपल्या पाहुणचाराचे गोडवे गाणाऱ्या पुष्कळ लेखांत हे वाक्य आढळत नाही.

इतके सारे चांगले असून भाऊ येईनासे झाले. बिलाचे पाच समान भाग करायचे, हा हॉटेलचा रिवाज दिसायला अगदी न्यायाचा. पण घरच्या पाळीत जो तो आपल्या ऐपतीचे देत होता आणि सगळ्यांचे देणे सारखेच मानले जात होते; येथे देणे सारखे झाले आणि ऐपत उघडी पडली. पहिल्या खेपेस भाऊ आले, पैसे मोजून दिले, एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या खेपेस गाय व्यायला झाली होती. त्याच्या पुढच्या खेपेस गुडघा दुखत होता. आणि दोन दिवसांनी तोच गुडघा घेऊन भाऊ काजू वेचायला डोंगर चढताना आम्हीच पाहिले. डॉक्टर म्हणाले, ‘त्यांचा भाग मी देईन, कळायचंसुद्धा नाही.’ कळल्यावाचून राहिले नसते. वीस वर्षे जो यजमान होता, त्याला एका दिवसात आश्रित करणारे ते औदार्य भाऊंनी पत्करलेच नसते. चार महिने असे गेले. पाचाचे चार झाले की गप्पाही लंगड्या होतात. पोस्टमास्तरांच्या विनोदाला हसण्यात भाऊंचा वाटा मोठा असे.

डॉक्टरांच्या चिरंजिवांनी हे पाहिले असावे. बोलून मात्र दाखविले नाही. त्यांनी फक्त मलय गावांतील ‘कंदुरी’ची गोष्ट सांगितली. लग्नकार्य किंवा नवस-समारंभ असला की सारा गाव मिळून रांधतो. या परस्परांच्या हातभाराला तेथे ‘गोतोंग-रोयोंग’ म्हणतात. बायका कांदा-लसूण सोलतात, चिरतात. अंगणात चुलाणावर ठेवलेल्या भल्या मोठ्या कढईशी उभे राहून भात आणि कालवण ढवळण्याचे काम मात्र पुरुषांचे. ‘काका, तुम्ही पाच जण आहात, अंगण भाऊकाकांचं मोठं आहे. हॉटेल कशाला?’ एवढेच ते म्हणाले. पाचांपैकी एकालाही चहापलीकडे काही येत नव्हते, हा मुद्दा कोणी काढला नाही.

भाऊंच्या अंगणात रविवारी सकाळी तीन दगडांची चूल मांडली. सामान घेऊन चिरंजीव एकेक नाव सांगू लागले, आणि आमच्यातील मराठीचा मास्तर जागा झाला. त्यांनी सोबत एक काळपट, उग्र वासाची वडी आणली होती. बारीक कोळंबी मिठात मुरवून, कुटून, उन्हात वाळवून केलेली ही ‘बेलाचन’. गोव्यातील ख्रिस्ती बांधवांच्या घरच्या बालशांवचे नाव ते हेच. आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी, 1511 मध्ये, मलाक्का. ते बंदर 1641 मध्ये डचांच्या हाती जाईपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गोव्याहून चालणाऱ्या राजवटीखाली होते. गलबतांबरोबर शब्द आले. आपण ज्याला बिंबल किंवा बिलिंबी म्हणतो ते आंबट फळही मलय ‘बेलिंबिंग’. असल्या शब्दांचा माग काढण्यात आयुष्य वेचणारे कोशकार मोन्सिन्योर दाल्गाद (1855–1922) आमच्या शेजारच्या बार्देशातील आसगावचे. आमचे पेडणे तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांकडे; पोर्तुगिजांकडे ते आले अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळेच की काय, बालशांव आमच्या घरांत रुळले नाही. गालमो वाळवून ठेवण्याची कला मात्र आमचीच.

नाळ जुळत गेली. ‘नासी लेमाक’ म्हणजे नारळाच्या रसात शिजविलेला भात. सोबत सांबाल नावाची झणझणीत चटणी, तळलेली सुकी बारीक मासळी, शेंगदाणे, काकडी, उकडलेले अंडे. उकडा तांदूळ त्याला चालणार नाही, हा निकाल भाऊंनी तांदूळ हातात न घेताच दिला आणि तो बरोबर ठरला. मग कोंबडीचे ‘रेंदांग’. त्यात गवती चहाचे देठ, हळदीचे पान, आणि खोबरे तांबूस भाजून, तेल सुटेपर्यंत कुटून घातलेले. भाजलेल्या खोबऱ्याचा वास सुटला तशी आतून वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘ही तर शागुती!’ शागुतीचे माहेर आमच्या तालुक्यातील हरमल, असे सांगतात. तेथल्या मिरचीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दोन्हींतला भेद वहिनींनीच दाखविला: आपण खसखस, बडीशेप, दगडफूल भाजून घालतो, रस्सा राखतो, रेंदांग मंद आचेवर तासन्‌तास आटवून कोरडे करायचे. त्या आटवणीला दुकानदार मित्र उभे होते. दीड तासात त्यांनी चार वेळा विचारले, ‘झालं का?’

शेवटी मासा. पाकटाचे तुकडे, मिरची, हळद, आणि आंबटासाठी एका फळाच्या वाळलेल्या चकत्या. त्या पाहून भाऊंनी एक चकती जिभेवर ठेवली आणि आत जाऊन मूठभर सोलां घेऊन आले. ते फळ आणि आपले कोकम एकाच कुळातील, चुलत भावंडे. नारळ घालायचा नाही, असे चिरंजिवांनी बजावले.

‘ह्याचें नांव कितें?’ भाऊंनी विचारले.

‘आसाम पेदास.’

‘म्हणजे?’

‘आसाम म्हणजे आंबट, पेदास म्हणजे तिखट.’

भाऊ क्षणभर थांबले आणि असे काही हसले की चार महिन्यांचे हसणे त्यांनी एकदम वसूल केले. कारण मोरीचे किंवा पाकटाचे, बिननारळाचे हे कालवण त्यांच्या आजीच्या काळापासून त्या अंगणात होत आले आहे, आणि त्याचे नाव आंबटतीक! हे नाव येथून तिकडे गेले की तिकडून येथे आले, असा प्रश्न पोस्टमास्तरांनी काढला. आमच्या मते कोणीच कोठे गेले नसावे. दोन्ही किनाऱ्यांवर पाऊस तोच, मासा तोच. जिभेला जे लागले तेच दोन्ही भाषांनी साधेपणाने सांगितले. पोस्टमास्तरांना मात्र हे पटले नाही. (ते स्वतः त्या दिवशी सांबालविना नारळीभात आणि काकडीवर जेवले, आणि भात उत्तम झाल्याचे त्यांनी दोनदा सांगितले.)

पहिली पंगत घरच्या मंडळींची बसविली. वाढायला आम्ही. डॉक्टर भाताची तपेली घेऊन फिरले आणि भात पानांपेक्षा अंगणातच अधिक सांडला. वहिनींना बसून राहणे फार जड गेले; त्या दोनदा उठल्या, दोनदा त्यांना बसविले. रेंदांग जरा करपले होते. तेही त्यांनी सांगितले, आणि पहिल्या घासालाच सांगितले, हे आम्हांला फार बरे वाटले. इतकी वर्षे आम्ही त्यांच्या स्वयंपाकाला नावे ठेवीत आलो, तो हक्क आता त्यांच्याकडे गेला.

हॉटेल अगदीच बंद केलेले नाही. वर्षातून एकदा, ज्याला काही विशेष साजरे करायचे असेल त्याने सर्वांना न्यावे, वाटणी नाही, असे ठरले आहे. डॉक्टरांनी आपला वाढदिवस आताच नोंदवून ठेवला.

जूनची पाळी भाऊंची. पहिल्या तारखेपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा पेज आणि सुके. चिरंजीव परत गेले. जाताना बेलाचनची उरलेली वडी ठेवून गेले आहेत. ती गालम्याच्या किस्मुरात कुस्करून पाहावी असे भाऊंच्या मनात आहे. डॉक्टरांच्या घरी ती ठेवून घ्यायला कोणी तयार नसल्याने तूर्त ती भाऊंच्या गोठ्यात, डब्यात घालून, आढ्याला टांगलेली आहे. नारळ खोवण्याचे काम आमच्याकडे आले असून शाळेला सुट्टी आहे तोवर आदोळीवर बसण्याचा सराव चालू आहे. कालपर्यंत दोन नारळ आणि एक अंगठा झाला.