बुंध्याचा घेर मोजा, मग सीसी विचारा

जूनच्या पहिल्याच वादळात धरणगावजवळच्या आमच्या शेताच्या बांधावरचा कडुनिंब कलला. पूर्ण पडला असता तर प्रश्न सोपा होता. तो अर्धा कलून थांबला आणि खाली गोठ्याची वाट. दुसऱ्या दिवशी नानांचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा, फोन आला. "भो, तू इंजिनीअर आहेस ना? दुकानदार म्हणतो अठ्ठावन्न सीसी, बावीस इंची पट्टी, एकदम प्रोफेशनल मशीन. दहा हजारांच्या आत बसतं. घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, "नाना, आधी दोरी घ्या. छातीच्या उंचीवर बुंध्याला गुंडाळा आणि किती भरते ते सांगा." नऊ फूट भरली. नऊला ३.१४ ने भागलं की व्यास निघतो पावणेतीन फुटांच्या थोडा वर, म्हणजे सुमारे ३४ इंच. बावीस इंची पट्टी आणि चौतीस इंची बुंधा. अडचण इथूनच सुरू होते, पण ती पट्टीच्या लांबीची नाही. आधी इंजिनाचं बघू.

खोक्यावरचा सीसी खरं सांगतो का?

मोटारसायकल घेताना आपण सीसी विचारतो, म्हणून करवत घेतानाही तेच विचारतो. पण सीसी म्हणजे सिलिंडरमधली जागा, ताकद नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये असते (एक किलोवॅट म्हणजे साधारण १.३४ एचपी). स्टिलचं एमएस २६१ हे ५०.२ सीसीचं मशीन ३ किलोवॅट देतं. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त ५८ सीसी मशीनच्या माहितीपत्रकावर मात्र अडीच किलोवॅटच्या आसपासचाच आकडा असतो. सीसी जास्त, ताकद कमी. दुकानात गेलात की पहिला प्रश्न किलोवॅटचा विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर मशीन काऊंटरवरच ठेवून या.

मोठ्या झाडाला ताकद इतकी का लागते? १८ इंची बुंध्यापेक्षा ३४ इंची बुंधा दिसायला दुपटीहून कमी जाड आहे. पण करवतीला जाडी कापायची नसते, आडवा छेद कापायचा असतो आणि तो व्यासाच्या वर्गाने वाढतो. त्या हिशेबाने काम साडेतीन पटीने वाढतं. शिवाय पट्टीचा जितका भाग लाकडात बुडतो तितके दात एकाच वेळी लाकूड ओरबाडत असतात. छोट्या इंजिनावर लांब पट्टी चढवली की चेनचा वेग पडतो, आतला क्लच घसरायला लागतो आणि तापतो. मग माणूस काय करतो? अंगाचा भार टाकून मशीन दाबतो. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वात धोक्याचा क्षण हाच. मोठं मशीन अवजड असतं हे खरं, पण मोठ्या झाडावर कमजोर मशीन त्याहून घातक.

साधारण अंदाज असा. ४०-४५ सीसीचं, दोन-सव्वादोन किलोवॅटचं मशीन (स्टिल एमएस २५० हे ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, वजन ४.६ किलो) फांद्या, सरपण, फूटभर जाडीच्या बाभळी यांना पुरतं. ७० सीसीच्या आसपासचं, पावणेचार-चार किलोवॅटचं मशीन २०-२५ इंची पट्टी आरामात ओढतं. त्यापुढे खरी मोठी जात: एमएस ६६१ हे ९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट, ७.४ किलो, एमएस ८८१ हे १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट, ९.९ किलो, हस्क्वार्नाचं ३१२० हे ११८.८ सीसी, ६.२ किलोवॅट, १०.४ किलो. ही वजनं पट्टी, चेन आणि इंधनाशिवायची. ३६ इंची पट्टी लावून टाकी भरली की हातात काय येतं ते दुकानातच उचलून बघा, आणि दहा मिनिटं धरून उभे राहा. नामांकित कंपनीचं ९० सीसीच्या वरचं मशीन लाखाच्या घरात जातं.

आपल्या तालुक्यात ते कोणाला हवं? मला वाटतं, फार थोड्यांना. वखारवाला, रस्त्याचं काम घेणारा ठेकेदार, वड-पिंपळाचे ओंडके फाडणारा. शेतकऱ्याला वर्षातून एखादं मोठं झाड काढायचं असेल तर लाखाचं मशीन घरात ठेवणं म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय विकत घेण्यासारखं आहे.

पट्टी झाडापेक्षा लांबच हवी का?

गरज नाही. सरावलेला माणूस दोन्ही बाजूंनी कापून पट्टीच्या जवळपास दुप्पट व्यासाचं झाड पाडतो. म्हणून बावीस इंची पट्टीने चौतीस इंची झाड पडणारच नाही असं नाही. पण 'सरावलेला' हा शब्द तिथे महत्त्वाचा. दोन बाजूंचे काप एका पातळीत आले नाहीत तर झाड मनाला येईल तिकडे जातं.

चेनबद्दल दुकानात कोणी फार बोलत नाही. मोठ्या मशीनला ३/८ किंवा .४०४ इंच पिचची चेन लागते आणि पट्टी, चेन, पुढचं चक्र यांचं माप एकच असावं लागतं. दातांचे ढोबळ दोन प्रकार: चौकोनी कोपऱ्याचा आणि गोलसर कोपऱ्याचा. चौकोनी दात ओल्या, स्वच्छ लाकडात भराभर धावतो. पण आपल्याकडची वाळकी बाभूळ, चिंच, अंजन आणि त्यावर बसलेली खानदेशी धूळ यांत तो लगेच बोथट होतो. इथे गोलसर दात बरा. रस्त्याकडच्या झाडाची वेगळीच गंमत. क्लासच्या पाट्या, उमेदवारांचे फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, यांचे दहा-वीस वर्षांचे खिळे सालीआड जिरलेले असतात. एक खिळा अख्ख्या चेनची धार घालवतो. चेन बोथट झाल्याची खूण सोपी: भुशाचे मोठे तुकडे पडायचे थांबतात आणि पिठासारखी पूड उडायला लागते. तसं झालं की थांबायचं आणि कानस काढायची. ३/८ च्या चेनला ५.२ मिलिमीटरची गोल कानस, .४०४ ला ५.५ ची.

आणि पट्टीच्या टाकीत जळालेलं ऑइल ओतू नका. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल 'वाया कशाला घालवायचं' म्हणून टाकण्याची पद्धत गावोगावी आहे. त्यातला धातूचा बारीक चुरा तेलाचा पंप आणि पट्टीची खाच दोन्ही खातो. शिवाय ते तेल चिकटून राहत नाही, चेनवरून उडून जातं.

ई-२० चं दुखणं

हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नवीन मशीन बसण्यामागे तो असू शकतो आणि दोष माणसावर येतो. पंपावर आता बहुतेक ठिकाणी मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. करवतीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वेगळं ऑइल सम्प नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सेटिंगवर इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी पडल्यासारखं होतं. इंजिन तापतं. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना ते आणखी तापतं, आणि एक दिवस पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

स्टिलच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं: हाताने कार्ब्युरेटर सेट करावा लागणाऱ्या इंजिनात १० टक्क्यांहून जास्त इथेनॉलचं पेट्रोल वापरू नका, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनाला २७ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे आपण मशीन घेताना दुसरा प्रश्न हा विचारायला हवा: कार्ब्युरेटर कोणता? स्वस्त मशीनमध्ये तो जवळजवळ नेहमी हाताने सेट करायचाच असतो. तिसरी गोष्ट, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर टाकीत तसंच ठेवलेलं मिश्रण खाली पाणी सोडतं. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि उरलेलं जाळून मशीन बंद पडू द्या. ऑइलचं प्रमाण अंदाजाने नको. १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४०. कोणतं हे ऑइलच्या बाटलीवर नाही, मशीनच्या पुस्तकात बघा.

नानांचा कडुनिंब का वेगळा?

सरळ उभं झाड पाडायची रीत ठरलेली आहे. पडायच्या बाजूला व्यासाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खाच, मग मागून काप, आणि दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी न कापलेली पट्टी. तीच बिजागरी. ती झाडाला दिशा देते. ती कापली की दिशा गेली. मागच्या कापात पाचर ठोकायची, झाड हललं की तिरकं मागे सरायचं. झाडाच्या दोन उंचींच्या अंतरात दुसरं कोणी नको. मोबाईलवर शूटिंग करणारा पुतण्यासुद्धा नको.

कललेल्या झाडात मात्र एक बाजू दोरीसारखी ताणलेली असते. तिच्यावर मागून नेहमीसारखा काप दिला की अर्ध्यातच बुंधा उभा चिरतो, मागचा भाग झटक्यात वर उसळतो आणि कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर येतो. इंग्रजीत या प्रकाराला 'न्हाव्याची खुर्ची' म्हणतात. नाव विनोदी आहे, प्रकार नाही. ३४ इंची बुंध्याचा दहा फुटी तुकडा, ओल्या लाकडाचं वजन पाण्याइतकं धरलं तरी, पावणेदोन टनांच्या वर भरतो. हे झाड पाडायला पट्टीचं टोक मधोमध खुपसून काप घ्यावा लागतो, आणि टोकाच्या वरच्या चतकोर भागाला लाकूड लागलं की करवत सरळ तोंडाकडे उडते. यूट्यूब बघून शिकायचं हे काम नव्हे.

सुरक्षेच्या सामानाबद्दल एकच हिशेब देतो. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो असं धरलं तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मोठी करवत कानाशी त्याच्या वर जाते. हेल्मेट, कानाचं झाकण, मांडीचं संरक्षक कापड हे सगळं मशीनच्या किमतीत धरा. "उन्हात कोण घालतं?" असं मला प्रत्येकाने विचारलं. कोणी घालत नाही, हे मलाही दिसतं. रोजंदारीवर चप्पल घालून दुसऱ्याचं झाड पाडणाऱ्या माणसाकडे ते सामान नसणं ही त्याची निवड नसते, ठेकेदाराची असते.

परवानगी आणि वेग

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. कडुनिंब त्या यादीत नाही, पण लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक परवान्याचं वन विभागात विचारून घ्या. धरणगाव नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी कायदा लागतो, तिथे जात कोणतीही असो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवीन झाडं लावावी लागतात.

कायदा बरा आहे, पण तो कुऱ्हाडीच्या काळातला वेग धरून बसलाय. आरेमध्ये ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने थांबवायला सांगितलं तोवर २,१४१ झाडं पडलेली होती. शनिवार-रविवार पुरला. फिलिपिन्सने २००२ मध्ये खास चेनसॉ कायदा करून करवत बाळगायला, विकायला परवाना लावला. आपल्याकडे सरसकट तसं नको. शेतकऱ्याच्या ४५ सीसी मशीनला आणखी एक कागद नको. पण ७० सीसीच्या वरची करवत विकताना खरेदीदाराची नोंद आणि एक दिवसाचं प्रात्यक्षिक सक्तीचं करायला हरकत काय? ट्रॅक्टरची नोंदणी आपण करतोच.

नानांनी बावीस इंची मशीन घेतलं नाही. एरंडोलकडची एक टोळी बोलावली. त्यांनी महावितरणला सांगून बांधावरची लाइन बंद करवली, आधी वरच्या फांद्या उतरवल्या, दोरखंड बांधला आणि ७० सीसीच्या मशीनने दुपारपर्यंत झाड आडवं केलं. फांद्यांसाठी म्हणून नानांनी नंतर एक छोटं मशीन घेतलंच. काल पुन्हा फोन होता. गोल कानस धरणगावात कुठे मिळते, ते विचारत होते.