घर-हिशेब : लेकरांच्या देशात आपलं खातं

मैत्रिणींनो, शाळांच्या परीक्षा संपल्या की आपल्या गावातल्या दोन-चार घरांना हमखास कुलूप लागतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अमेरिकेला लेकाकडे गेलेत. दिवाळीच्या आत येतील." माझे सासू-सासरेही वर्षाआड न्यू जर्सीला नणंदेकडे जातात. तयारी दोन महिने आधी सुरू होते. भाजणी, मेतकूट, सहा महिन्यांची औषधं, नातवंडांचे कपडे. बॅगेचं वजन तीन-तीनदा होतं. पण एवढ्या धावपळीत पैशाचं नाव कुणी काढत नाही. "तिकडे काय लागणार आहे? मुलं आहेत की!"

मुलं आहेत आणि बहुतेकांची मुलं गुणीही आहेत. पण जिनं चाळीस वर्षं वाण्याचं बिल, दुधाचा रतीब आणि शाळेची फी यांचा मेळ घातला, तिला तिथे देवळातल्या पेटीत दोन डॉलर टाकायचे तरी जावयाकडे बघावं लागतं. नातीला वाढदिवसाला काही घ्यायचं, तर तिच्याच बापाच्या कार्डावर! मुद्दाम कुणी करत नाही हे, पण मनाला लागतंच. म्हणून आज निवृत्त माणसांच्या परदेशातल्या बँक खात्याविषयी बोलू या. उदाहरण अमेरिकेचं घेते, कारण आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे जातात आणि मला ते जवळून माहीत आहे.

खातं हवं कुणाला?

सगळ्यांनाच नको. एकदाच दोन-तीन महिन्यांसाठी जाणार असाल, तर इथल्या बँकेतून परकीय चलनाचं कार्ड घ्या आणि थोडे सुटे डॉलर जवळ ठेवा. तेवढं पुरतं. दर वर्षी किंवा वर्षाआड पाच-सहा महिने राहणार असाल, तर खात्याचा विचार करा. आणि ग्रीन कार्ड घेऊन कायमचे जाणार असाल, तर ते लागणारच.

बँकेत काय विचारतात?

"तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही, मग खातं कसं उघडणार?" ही शंका बहुतेकींची. पर्यटक म्हणून गेलेल्यांना तो नंबर मिळतच नाही. पण खातं उघडायला कायद्यानं तो हवाच असंही नाही. २००१ च्या कायद्यानुसार तिथल्या बँकेला ग्राहकाचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक नोंदवावा लागतो. परदेशी माणसाच्या बाबतीत पासपोर्टचा क्रमांक आणि तो कुठल्या देशानं दिला, एवढं चालतं. मात्र आपले नियम याहून कडक ठेवायला प्रत्येक बँक मोकळी आहे. त्यामुळे एका बँकेनं नाही म्हटलं तर हिरमुसून घरी येऊ नका, दुसरीत जा. जाण्याआधी मुलाला फोन करून विचारायला सांगा, म्हणजे हेलपाटा वाचतो.

सोबत पासपोर्ट, व्हिसा, आणखी एखादं ओळखपत्र, मुलाच्या घराच्या पत्त्याचा पुरावा आणि आपला इथला पत्ता ठेवा. दोघांनीही स्वतः जायचं. बँक तुमच्याकडून डब्ल्यू-८ बेन नावाचा एक फॉर्म भरून घेईल. नाव ऐकून घाबरू नका. 'मी अमेरिकेची नागरिक किंवा तिथली कायम रहिवासी नाही' असं त्यात लिहून द्यायचं असतं. तो दिला की ठेवीवरच्या व्याजावर तिथे कर लागत नाही. साधारण तीन वर्षांनी तो नव्यानं भरावा लागतो.

इथे एक मेख आहे. सलग तीन वर्षं दर वर्षी १२२ दिवस तिथे राहिलात, तर दिवसांच्या हिशेबानं तिथला करकायदा तुम्हाला रहिवासी धरू शकतो. यातून सुटायच्या वाटाही कायद्यात आहेत. पण दर वर्षी जाणाऱ्यांनी तिथल्या करसल्लागाराला एकदा विचारलेलं बरं.

खातं घेताना तीन गोष्टी विचारा. महिन्याची फी किती? ती माफ व्हायला शिल्लक किती ठेवावी लागते? आणि आम्ही भारतात असताना खातं नुसतं पडून राहिलं तर काय होतं? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. खात्यात काही वर्षं हालचाल झाली नाही आणि पत्रांना उत्तर गेलं नाही, तर पैसे बेवारस समजून त्या राज्याच्या सरकारकडे जमा होतात. मागता येतात परत, पण ते सव्यापसव्य कोण करणार? त्यापेक्षा वर्षातून एकदा थोडी उलाढाल करावी.

आणि हो, आपल्यातल्या हौशी, कष्टाळू बायकांसाठी खास सूचना. पर्यटक व्हिसावर गेलेल्या बाईला तिथे कमाई करता येत नाही. चार घरांना डबे देणं, शेजारणीचं मूल पैसे घेऊन सांभाळणं, दिवाळीचा फराळ विकणं, सगळं त्यात आलं. खातं आहे म्हणून असले पैसे त्यात भरायला जाल, तर पुढच्या व्हिसावर गदा यायची.

नाव कुणाचं?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. बाकी सगळे फॉर्म मुलं भरून देतात, हा निर्णय मात्र आपला आपण घ्यायचा.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंची हकिगत सांगते. त्यांच्या यजमानांनी मुलाच्या गावी खातं उघडलं, ते एकट्याच्या नावानं. "तुला कशाला सह्यांचा त्रास?" म्हणाले. प्रेमानंच म्हणाले. पुढे इकडे आल्यावर ते अचानक गेले. तिथले पैसे मिळवायला मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, प्रतिज्ञापत्रं, त्यावर अधिकाऱ्याची सही असं करता करता वर्ष उलटलं. मुलाच्या खेपा झाल्या त्या वेगळ्याच. काकू मला म्हणाल्या, "रक्कम काही फार नव्हती गं. पण 'तुम्ही कोण?' असं बँकेनं विचारलं, ते मनाला लागलं."

म्हणून पहिला नियम असा, की खातं नवरा-बायको दोघांच्या नावे असावं आणि दोघांकडे वेगवेगळं कार्ड असावं. तुमचं कार्ड तुमच्या पर्समध्ये. त्याचा आकडा तुमच्या लक्षात.

आता तुम्ही म्हणाल, "मुलाचंच नाव घातलं तर काय बिघडलं? इंग्रजी त्याला येतं, बँक त्याच्या रस्त्यावर." बिघडेलच असं नाही. पण त्याचा अर्थ समजून घ्या. तिथल्या संयुक्त खात्यातले सगळे पैसे कुठलाही एक खातेदार काढू शकतो. मुलाचं कर्ज थकलं किंवा दुर्दैवानं त्याचा संसार मोडला, तर तुमची शिल्लकही त्या भांडणात ओढली जाऊ शकते. शिवाय अशा खात्यातले पैसे एक खातेदार गेल्यावर सहसा थेट हयात असलेल्याचे होतात. मग इथल्या लेकीला तुम्ही जे द्यायचं मनात धरलं होतं, ते मनातच राहतं. भाऊ चांगला असेल तर देईल. पण चांगुलपणावर भार टाकण्यापेक्षा कागदावर टाकावा, म्हणजे चांगुलपणाही टिकतो.

यावर उपाय सोपा आहे. खातं दोघांचं ठेवायचं. आपल्या पश्चात पैसे कुणाला मिळावेत, त्यांची नावं बँकेत लिहून ठेवायची. एकाहून जास्त नावं बहुधा लिहिता येतात. मुलानं व्यवहार बघावेत असं वाटत असेल तर त्याला मुखत्यारपत्र द्यायचं. त्यानं तो तुमच्या वतीनं सही करू शकतो, पण पैशाचा मालक होत नाही. हे मुलाला सांगताना जीभ अडखळते, मला कल्पना आहे. "आईचा विश्वास नाही" असं त्याला वाटेल ही भीती. त्याला सरळ सांगा, "अरे, तुझ्यावर विश्वास आहे म्हणूनच मुखत्यार तुला केलंय."

इकडून पैसे पाठवताना

भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेची ही योजना २००४ पासून आहे. तेव्हा मर्यादा २५,००० डॉलरची होती. परदेशात खातं उघडणं या योजनेत बसतं. त्यासाठी पॅन कार्ड लागतं आणि बँकेत ए-२ नावाचा फॉर्म भरावा लागतो. एका वर्षात १० लाख रुपयांच्या वर रक्कम गेली, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. २०२५ पासून ही हद्द १० लाखांची आहे. (उपचार आणि शिक्षणासाठी दर कमी आहे.) कापलेला कर बुडत नाही. विवरणपत्र भरताना तो वळता करून मिळतो. पण तोवर पैसा अडकतो, म्हणून गरजेपुरतंच पाठवावं.

शिवाय पाठवलेला पैसा न वापरता नुसता तिथे साठवून ठेवायचा नाही. २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे न वापरलेलं परकीय चलन १८० दिवसांत परत आणायचं असतं. तेव्हा "डॉलर वाढतोय, राहू दे तिकडेच" हा सल्ला शेजारी देतील, तो ऐकू नका. इथल्या बँकेला विचारूनच ठरवा.

विवरणपत्रातली ती एक रकाना-पट्टी

हा भाग दोनदा वाचा. भारतात कायम राहणाऱ्या करदात्याचं परदेशात खातं असेल, तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याची माहिती द्यावीच लागते. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं. खात्यात पन्नास डॉलर असले तरी. इतकंच काय, मुलाच्या खात्यावर सही करण्याचा नुसता अधिकार तुम्हाला असला, तरीसुद्धा! पगारदार आणि पेन्शनर भरतात तो सोपा एक नंबरचा फॉर्म मग चालत नाही, दुसरा घ्यावा लागतो. त्यात जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक, अखेरची शिल्लक आणि व्याज लिहायचं. तिथे करमुक्त असलेलं ते व्याज इथे मात्र उत्पन्नात धरलं जातं.

माहिती लपवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यानं १० लाख रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल, तर हा दंड लागत नाही. पण म्हणून माहिती द्यायची नाही असं नव्हे. "कुणाला कळणार आहे?" असंही समजू नका. खात्यांची माहिती एकमेकांना देण्याचा करार भारत आणि अमेरिका यांच्यात २०१५ मध्येच झालाय.

कायमचे जाणार असाल तर

मग इथल्या साध्या बचत खात्याचं अनिवासी खातं करून घ्यावं लागतं. त्याला एनआरओ म्हणतात. पेन्शन त्यात जमा होऊ शकते. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

ग्रीन कार्ड झाल्यावर मात्र पारडं उलटतं. आता अमेरिकेच्या दृष्टीनं आपली सांगली-साताऱ्याची खाती परदेशी ठरतात! सगळ्या खात्यांची आणि मुदत ठेवींची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्याची माहिती तिथल्या सरकारला दर वर्षी वेगळी कळवावी लागते. निवृत्तीची पुंजी ठेवीत असणाऱ्या घरात एवढी रक्कम सहज भरते. पुष्कळ आज्यांना हे ठाऊकच नसतं, कारण आपल्या नावे किती ठेवी आहेत हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एक वही घाला

साधी शंभर पानी वही घ्या. एका पानावर इथली खाती, ठेवी, त्यांच्या मुदती आणि नामनिर्देशन. समोरच्या पानावर तिथलं खातं, बँकेचा पत्ता, खाली कुणाकुणाचं नाव लिहिलंय ते, आणि डब्ल्यू-८ बेन कधी भरला ती तारीख. गुप्त आकडे मात्र वहीत लिहू नका. इथल्या बँकेला दिलेला मोबाइल नंबर परदेशातही चालू राहील अशी सोय निघण्यापूर्वीच करा. तो बंद पडला की ओटीपी येत नाही आणि सहा महिने आपल्याच पैशापासून आपण लांब. वही कुठे ठेवली आहे, ते घरातल्या दोघांना माहीत हवं.

आणि ही वही सासूबाईंकडून किंवा आईकडून लिहून घ्या, तुम्ही लिहून देऊ नका. एक दुपार जाईल, पण आपलं काय आहे आणि कुठे आहे ते त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसेल. बॅगेत मेतकुटाच्या डब्याशेजारी त्या वहीची एक नक्कल ठेवायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात परदेशी जाताना काढायच्या आजारपणाच्या विम्याबद्दल, आणि जुनं दुखणं लपवलं तर काय होतं त्याबद्दल. तुमच्या शंका नेहमीप्रमाणे पत्रानं कळवा.