उशीर कुणाचा?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पावसाळा सरत आलेला असेल. या वेळचं संपादकीय पोटगीच्या थकलेल्या हुकुमांवर लिहायचं, असं आमच्या बैठकीत ठरलं होतं. तो विषय पुढच्या अंकावर ढकलला आहे. त्याला कारण झाली शाळेची एक दोनशेपानी वही.

ही वही घेऊन एक बाई आमच्या समुपदेशन केंद्रात आली. वय पंचवीस-सव्वीस. दिव्याला भाड्याच्या खोलीत राहते. घरात नवरा, सासू आणि पहिलीतली मुलगी. ती घाटकोपरला कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका बोलायला सुरुवात करण्याआधी रडतात. ही रडली नाही. तिने वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘ताई, आधी हे वाचा.’

वहीत पट्टीने आखलेले रकाने होते. तारीख, दुकानातून निघाल्याची वेळ, कितीची गाडी पकडली, घरी किती वाजता पोहोचले. शेवटच्या रकान्यात कारण. ‘दोन गाड्या सोडल्या, चढताच आलं नाही.’ ‘ठाण्याच्या पुढे गाडी उभी.’ ‘दिव्याला उतरू दिलं नाही, डोंबिवलीला जाऊन परत आले.’ सहा महिन्यांची नोंद, बहुतेक पानं अशीच.

तिच्या घरी नियम होता, रात्री पावणेनऊच्या आत यायचं. त्यानंतर आतून कडी. कधी अर्धा तास, कधी तास. मे महिन्यातल्या एका रात्री ती साडेअकरापर्यंत दारात बसून होती आणि आत मुलगी रडत होती. शेजारीण ‘माझ्याकडे ये’ म्हणाली, पण ही गेली नाही. गेली असती तर ‘कुठे होतीस’ हा प्रश्न आणखी वाढला असता.

‘मी सांगते ना, गर्दीमुळे गाडी सोडली. तर हे म्हणतात, बाकीच्या बायका कशा चढतात?’

बाकीच्या बायका कशा चढतात! मी कागदपत्रं लिहून घेत होते, हात थांबला. कारण सकाळी कितीची गाडी पकडतेस असं मी विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, ‘आठ-बाराची, डोंबिवलीवरून सुटते ती.’ ती माझी गाडी. बाकीच्या बायकांपैकी एक मी.

मध्य रेल्वेवर न राहणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं सांगायला हवं. कर्जत, कसारा, बदलापूर, कल्याणकडून मुंबईला जाणारी गाडी दिव्याला येईपर्यंत खच्चून भरलेली असते. दारातल्या बायका हलत नाहीत, हलायचं म्हटलं तरी जागा नसते. मग दिव्याच्या बायका एक उपाय करतात. मुंबईहून येऊन डोंबिवलीला संपणाऱ्या गाडीत त्या दिव्यालाच बसतात, उलट डोंबिवलीला जातात आणि तीच गाडी परत फिरली की बसल्या जागेवरून मुंबईला निघतात. त्यासाठी पास डोंबिवलीपर्यंतचा काढावा लागतो आणि घरून अर्धा-पाऊण तास आधी निघावं लागतं. आपण याला ‘रिटर्न येणं’ म्हणतो. डोंबिवलीच्या फलाटावर गाडी लागते तेव्हा खिडक्या आधीच भरलेल्या असतात. ‘गाडी आमची आणि जागा ह्यांच्या’ असं म्हणून डोंबिवलीच्या बायका चिडतात. भांडण रोजचं. चिमटे, कोपर, एकदा तर डब्यात केस ओढले गेलेले मी पाहिले आहेत.

नुसते पाहिले असते तर बरं. ती वही माझ्यासमोर येण्याच्या दोनेक आठवडे आधी मी एका बसलेल्या बाईला म्हटलं होतं, ‘पास दाखव. दिव्याची ना तू? मग दिव्याला चढायचं.’ आजूबाजूच्या चार जणी ‘बरोबर बोलल्या मॅडम’ म्हणाल्या आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. ती बाई हीच होती का, हे मी तिला विचारलं नाही. तिनेही मला ओळख दाखवली नाही. समाजकार्यातली पदवी, शिबिरांतून घेतलेली स्त्री-पुरुष समानतेची सत्रं, हे सगळं खांद्यावरच्या झोळीत घेऊनच मी ते वाक्य बोलले होते.

बायकांच्या डब्याबद्दल आपण फार गोड लिहितो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, दसऱ्याला डब्याला बांधलेली तोरणं, मांडीवर निवडली जाणारी मेथी. हे सगळं खरं आहे. मी स्वतः डब्यातल्या मैत्रिणींच्या आधारावर वाईट दिवस काढले आहेत. पण मेथी डब्यात निवडली जाते ती घरी पोहोचल्यावर वेळ नसतो म्हणून, आणि घरात दुसरं कुणी ती निवडणार नसतं म्हणून. छायाचित्रकारांना ते दृश्य आवडतं. कोळणीची पाटी मात्र या भगिनीभावात बसत नाही, तिला मालडब्यात पिटाळलं जातं. दिवस भरत आलेली बाई दिव्यांगांच्या डब्यात जाते. तिला तिथे परवानगी आहे हे ठीक, पण बायकांच्या डब्यात तिचा निभाव लागत नाही हेही त्यातून आपण मान्यच केलेलं असतं.

जागा अपुरी असली की जिच्यापर्यंत हात पोहोचतो तिच्याशीच माणूस भांडतं. वेळापत्रक करणाऱ्यापर्यंत हात पोहोचत नाही.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर विरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन जलद गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. त्याच दिवशी चार जण गेल्याचं जाहीर झालं. हे वळण दिव्याच्या पुढच्याच स्थानकाचं. दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात कुणीच भांडलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. रेल्वेने नव्या साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं. दारं बंद होणं चांगलंच, पण आत जागा न वाढवता दार बंद केलं तर दिव्याच्या बाईला फलाटावरच राहावं लागेल, आणि तिच्या वहीत आणखी एक गाडी सुटल्याची नोंद होईल.

ठाणे ते दिवा पाचव्या आणि सहाव्या मार्गिकेचं काम २००८ सालापासूनचं. त्या मार्गिका सुरू झाल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या झाल्या की लोकलला वाट मोकळी होईल, हा हेतू. त्यानंतर ज्या नव्या फेऱ्या वाढल्या त्या बहुतेक वातानुकूलित. मे २०२२ मध्ये वातानुकूलित गाडीचं एकेरी तिकीट निम्म्यावर आलं, पण मासिक पासाला ती सवलत नव्हती, आणि रोज जाणारी बाई पासावर जाते. काउंटरवर उभी राहणारी मुलगी तो पास काढत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक रुळांवर उतरले ते याच रागातून. पंधरा डब्यांच्या गाड्या कितीतरी वर्षांपासून धावत आहेत, पण मोजक्या. म्हणजे काय करता येतं हे कुणालाच ठाऊक नाही असं नाही.

मुंबई उच्च न्यायालयासमोर २०२४ मध्ये एक जनहित याचिका आली. २०२३ या एका वर्षात लोकलच्या मार्गांवर २५९० जीव गेले, असा आकडा तिच्यात होता. दिवसाला सात. प्रवाशांना जनावरांसारखं न्यावं लागतं याची लाज वाटते, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले. पण मेलेल्यांची निदान मोजदाद होते. गर्दीपायी ज्या बायकांनी नोकरी सोडली त्यांची कुठे होते? बढती नाकारणाऱ्या, ‘घराजवळचंच बघा काही’ म्हणत अर्ध्या पगारावर आलेल्या, दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या बायका कुठल्या रकान्यात घालायच्या?

वेळापत्रकामागे कुठला माणूस गृहीत धरलेला असतो, हे २०२० मध्ये अगदी उघड दिसलं. टाळेबंदीत लोकल बंद झाल्या, मग जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना प्रवासाची मुभा मिळाली. मोठी बातमी झाली. मुभा कधी? सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि संध्याकाळी सातनंतर. अकराला गाडीत बसून कुठल्या नोकरीवर हजर व्हायचं? घरचं आवरून, दुपारी खरेदीला किंवा माहेरी जाणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून ती वेळ ठरली असावी असंच वाटत होतं. साथीत गर्दी टाळायची होती हे कबूल. पण गर्दीतून वगळायला सगळ्यांत सोपी बाईच सापडली.

उलट उदाहरणही आहे. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली बायकांची स्वतंत्र गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत गेली. बायका कामाला जातात आणि त्यांना कामाच्याच वेळेला गाडी लागते, एवढी साधी गोष्ट तेव्हा मान्य झाली होती.

आता वहीकडे परत येते. आम्ही नवऱ्याला बैठकीला बोलावलं. तो दिव्यातच रिक्षा चालवतो. लोकलने जायची वेळ त्याच्यावर महिन्यातून एखाददा येते, तीही दुपारी. मी त्याला वही वाचून दाखवू लागले. गाडी कुठे थांबली, किती वाजता, सगळं. मला वाटत होतं, पुरावा इतका पक्का आहे की त्याला मान खाली घालावी लागेल. तोही हळूहळू नरमत होता. ‘मग आधी सांगायचं ना असं,’ म्हणाला.

तेव्हा माझ्या शेजारी बसलेली सहकारी, वयाने आणि अनुभवानेही माझ्यापेक्षा मोठी, मध्येच म्हणाली, ‘आणि समजा भाऊ, गाडी वेळेवर होती. पण ही दमली होती म्हणून स्टेशनवर बसली, चहा प्यायली, मैत्रिणीशी अर्धा तास बोलली. मग कडी लावायची का?’

खोलीत शांतता झाली. नवरा गप्प. बायकोही गप्प, हे मला जास्त लागलं. आणि मीही गप्प, कारण मी इतका वेळ तिच्या वतीने हेच सिद्ध करत होते की ती निर्दोष आहे, उशीर रेल्वेचा आहे. दर मिनिटाचा हिशेब देणं हे मीसुद्धा तिचं कर्तव्य धरलं होतं. फक्त हिशेब बरोबर लागतो एवढंच दाखवत होते.

त्या दिवशी लेखी समझोता झाला. कडी लावायची नाही, हे पहिलं कलम. वेळेची मर्यादा नाही, हे दुसरं. त्यावर तासभर घासाघीस झाली. शेवटी ‘उशीर होणार असल्यास दोघांनी एकमेकांना फोन करावा’ असं घातलं. ‘दोघांनी’ हा शब्द तिने घालायला लावला. सासूने सही करायला नकार दिला. हा समझोता किती टिकेल हे आत्ता सांगता येत नाही. महिन्याने पुन्हा बैठक आहे.

डब्यातलं सांगायचं राहिलं. ती वही पाहिल्यानंतर मी आठ-बाराच्या डब्यात बोलायला सुरुवात केली, आधी माझ्या डोंबिवलीच्या गटात. अवघड गेलं. ‘तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’ असं तोंडावर विचारलं गेलं. दिव्याहून मुंबईसाठी थेट गाडी सोडावी, ही तिथल्या प्रवाशांची जुनी मागणी आहे. तिच्यावर डोंबिवलीच्या बायकांनीही सह्या कराव्यात असं मी सुचवलं, तेव्हा बँकेत काम करणारी एक जण म्हणाली, ‘आणि तिकडून गाडी सुटली म्हणून आपली एक कमी केली तर?’ हा प्रश्न खोटा नाही. रेल्वे वाढवते कमी आणि हलवते जास्त, हा आपला अनुभव आहे. म्हणून अर्जात आम्ही स्पष्ट लिहिलं की फेरी जादा हवी, वळवलेली नको. त्यानंतर सह्या मिळाल्या. सगळ्यांनी केल्या नाहीत. दरम्यान ठाण्यानंतर बसलेल्यांनी उभ्या असलेल्यांना जागा द्यायची, असं काही बाकांवर ठरलं आहे. ते आठवड्यातून तीन दिवस पाळलं जातं. माझ्या त्या वाक्याबद्दल मी डब्यात माफी मागितली. बहुतेकींना ते आठवतही नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडून एक हवं आहे. पुण्याच्या बसमधल्या, नागपूरच्या शेअर रिक्षातल्या, पनवेलच्या किंवा विरारच्या गाडीतल्या, सगळ्यांकडून. एक आठवडा घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या वेळा लिहा. किती गाड्या सोडाव्या लागल्या तेही लिहा. आणि त्यापुढे आणखी एक रकाना आखा : घरी ‘उशीर का झाला’ हे कुणी विचारलं, आणि आपण काय उत्तर दिलं. पोस्टकार्डही चालेल. नाव घालायलाच हवं असं नाही, पण स्थानकाचं किंवा थांब्याचं नाव मात्र जरूर घाला, कारण अर्जाला तेच जोडायचं आहे.

तिच्या वहीतली दोन पानं, तिच्या परवानगीने, मागच्या पानावर छापली आहेत. तारखा आणि वेळा जशाच्या तशा ठेवल्या आहेत. खाडाखोडही तिचीच आहे.